टीएसईएन५४ जनुकाचा अहवाल हातात आल्यावर: पायरीपायरीने काय करायचं

बारा-पंधरा पानांच्या जनुकीय अहवालातली एकच चौकट आईवडील पुन्हा पुन्हा वाचतात. पहिल्या पानावरची. तिच्यात टीएसईएन५४ हे नाव, त्यापुढे न कळणारी अक्षरं आणि आकडे, आणि शेवटच्या रकान्यात एक लांबलचक आजार: पॉन्टोसेरेबेलर हायपोप्लेजिया, म्हणजे लहान मेंदू आणि त्याच्या पुढचा पॉन्स नावाचा भाग नीट न वाढणं. मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. माझ्या टेबलावर ही पानं येतात तेव्हा घड्या पडून मऊ झालेली असतात आणि त्या चौकटीभोवती पेनानं दोन-तीनदा गोल केलेला असतो. तोवर घरात मोबाइलवर बरंच वाचून झालेलं असतं. पुष्कळदा आईकडे बोट दाखवूनही झालेलं असतं.

हा लेख अशा घरांसाठी आहे. त्यांच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टनी आणि नातेवाइकांनीही तो वाचावा. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं लटकतं. बाळाचा अहवाल हा अर्धाच कागद असतो. आईवडिलांचं रक्त तपासलं की तो पूर्ण होतो, आणि ते काम पुढच्या गर्भधारणेच्या आधी झालेलं असावं.

हे जनुक करतं काय

पेशीत प्रथिनं तयार होताना लागणारी अमिनो आम्लं उचलून आणायचं काम ट्रान्सफर आरएनए नावाचे छोटे रेणू करतात. त्यातले काही जन्माला येतात तेच मध्ये एक जादा तुकडा घेऊन. कपडा शिवताना मधलं नको असलेलं कापड काढून दोन कडा जोडाव्यात, तसा हा तुकडा काढून टाकावा लागतो. तुकडा कापणारं विकर चार भागांचं आहे: टीएसईएन२, टीएसईएन३४, टीएसईएन१५ आणि टीएसईएन५४. कडा जोडायचं काम वेगळं विकर करतं.

कापणारी पाती दोन, टीएसईएन२ आणि टीएसईएन३४. टीएसईएन५४ स्वतः कापत नाही. कात्रीच्या मधला खिळा असतो ना, तसं ते बाकीच्यांना जागेवर धरून ठेवतं. पाती कितीही धारदार असली तरी खिळा सैल असेल तर कात्री कापड चावते, कापत नाही. रुग्णांमध्ये सापडलेल्या बदलांवर प्रयोगशाळेत काम झालं तेव्हा हेच दिसलं, की या बदलांमुळे चार भागांची जुळणी कमकुवत होते. गर्भात लहान मेंदू आणि त्याच्या पुढचा पॉन्स घडत असताना हे जनुक तिथे जोरात काम करत असतं. म्हणून फटका तिथे बसतो, असं मानलं जातं.

हे जनुक १७ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे आणि त्याच्यापासून ५२६ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं.

ही माहिती कुठून आली तेही सांगायला हवं, कारण तुम्ही इंटरनेटवर शोधलंत की नेदरलँड्समधल्या एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येईल. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला फोलेंडाम नावाचं जुनं कोळ्यांचं गाव आहे. आजूबाजूचा मुलूख प्रोटेस्टंट आणि हे गाव कॅथलिक, त्यामुळे पिढ्यानपिढ्या लग्नं गावातल्या गावात झाली. एका पूर्वजाकडून आलेला बदल पुष्कळ घरांत पसरला आणि तिथे अशी बाळं वरचेवर जन्माला येऊ लागली. डच बालमेंदूतज्ज्ञ पीटर बार्ट यांनी १९९० मध्ये या कुटुंबांमधल्या आजाराचं वर्णन केलं. २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याचं मूळ टीएसईएन५४ मध्ये दाखवलं. पुढे त्याच गावात लग्नाळू आणि नवविवाहित जोडप्यांसाठी वाहक तपासणी, म्हणजे निरोगी माणसाकडे हा बदल आहे का ते पाहणारी तपासणी, सुरू झाली. गावानं लपवाछपवी न करता तपासणीला यावं, या गोष्टीचं मला आजही फार अप्रूप आहे.

पहिली पायरी: चौकटीतले चार रकाने

पहिला रकाना जनुकाच्या नावाचा. ते नीट पाहा. टीएसईएन२, १५ आणि ३४ यांच्यातल्या बदलांमुळेही जवळजवळ असाच आजार होतो, आणि पॉन्टोसेरेबेलर हायपोप्लेजिया आणखीही कितीतरी जनुकांमुळे होतो. पुढची प्रत्येक चाचणी नेमक्या जनुकावर आणि नेमक्या बदलावर होणार आहे, म्हणून एका आकड्याची चूकही परवडत नाही. दुसऱ्या शहरात फोनवरून नाव सांगू नका. पानाचा फोटो पाठवा.

दुसरा रकाना बदलाचा. फोलेंडामचा जो बदल सगळ्यात जास्त सापडतो तो असा लिहितात: सी.९१९ जी>टी, आणि त्याखाली पी.ॲला३०७सर. म्हणजे जनुकाच्या मजकुरात ९१९ व्या जागी जी अक्षराऐवजी टी आलं, आणि त्यामुळे प्रथिनातल्या ३०७ व्या जागी ॲलानिनऐवजी सेरीन बसलं. बस, एवढंच. एका काना-मात्रेनं शब्दाचा अर्थ बदलावा तसं. आपल्याकडच्या घरात हाच बदल निघेल असं धरून चालू नका. तुमच्या अहवालात जे लिहिलं असेल ते अक्षरशः उतरवून घ्या, आणि शेजारी एनएम ने सुरू होणारा क्रमांक असतो तोही घ्या. मोजणी कुठून केली ते त्या क्रमांकावरून कळतं.

तिसरा रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. होमोझायगस की हेटेरोझायगस? प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. होमोझायगस म्हणजे दोन्ही प्रतींत तोच बदल. हेटेरोझायगस म्हणजे एकाच प्रतीत. हा आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस वाहक असतो आणि ठणठणीत असतो.

चौथा रकाना बदलाच्या वर्गाचा. त्याच्या पाच पायऱ्या आहेत: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. 'अनिश्चित अर्थाचा', म्हणजेच व्हीयूएस, असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'थोडा वाईट' असा नाही. पुरावा अजून अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा बदलावरून गर्भाबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. वर्षा-दोन वर्षांनी प्रयोगशाळेकडे फेरतपासणी मागा, कारण हे वर्ग पुढे बदलू शकतात.

दुसरी पायरी: अहवाल बाळाशी जुळतो का

कागद एक सांगतो आणि बाळ दुसरंच, असं झालं तर बाळावर विश्वास ठेवायचा. टीएसईएन५४ चा नेहमीचा प्रकार, ज्याला टाइप २ए म्हणतात, त्यात साधारण पुढील चित्र दिसतं. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर बहुधा जवळपास ठीक असतो, पण पुढे तो वयाप्रमाणे वाढत नाही. बाळ पहिल्या दिवसांपासून दूध नीट ओढत नाही, ठसके लागतात, अंग सारखं थरथरतं. काही महिन्यांत हातापायांच्या मनाविरुद्धच्या हालचाली दिसू लागतात. अनेक मुलांना फिट येतात. बसणं, चालणं, बोलणं बहुतेकांना जमत नाही. याच जनुकामुळे होणाऱ्या टाइप ४ या दुसऱ्या प्रकारात हेच सारं अधिक तीव्र असतं. गर्भजल वाढलेलं असतं, सांधे जन्मतःच आखडलेले असतात.

एमआरआयची सीडी घेऊन बालमेंदूतज्ज्ञांकडे जा, नुसता रिपोर्ट नको. समोरून घेतलेल्या चित्रात लहान मेंदूचे दोन्ही बाजूंचे गोलार्ध चपटे पडलेले असतात आणि मधला भाग त्या मानानं टिकलेला असतो. सगळं मिळून पंख पसरलेल्या चतुरासारखं दिसतं. डॉक्टर त्याला चतुराचाच आकार म्हणतात. तो एकदा पाहिला की विसरत नाही. मात्र हे चित्र दिसलं म्हणजे टीएसईएन५४ च, असंही नाही.

तिसरी पायरी: आईवडिलांचं रक्त

इथे थोडं थांबते. सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो.

बाळाचा बदल होमोझायगस असेल तर आईवडील दोघंही वाहक असणार, हे जवळजवळ गृहीत असतं. तरीही तपासायचं. क्वचित एका पालकाकडून आलेल्या प्रतीतला तेवढा तुकडाच गायब असतो आणि मशीनला दोन्ही प्रती सारख्या वाटतात. क्वचित दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आलेल्या असतात. अशा वेळी पुढच्या बाळाचा धोका पूर्ण बदलतो.

बाळात दोन वेगवेगळे बदल निघाले असतील तर ही तपासणी आणखीच गरजेची. ते दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच प्रतीवर, हे बाळाच्या अहवालातून बहुधा कळत नाही. एक आईत आणि दुसरा वडिलांत सापडला, म्हणजे प्रती वेगळ्या, निदान पक्कं. दोन्ही बदल एकाच पालकात सापडले, तर बाळाची दुसरी प्रत शाबूत आहे आणि आजाराचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याला असे दोन बदल सांगून निदान झाल्याचं कळवलं होतं. वडिलांचं रक्त तपासलं, दोन्ही बदल त्यांच्यातच. तीन वर्षं ते घर चुकीच्या नावावर रडत होतं.

आणि एकच बदल सापडला असेल तर? एक्सोम चाचणी, म्हणजे जनुकांचे प्रथिनं ठरवणारे भाग वाचणारी तपासणी, जनुकाचा सगळाच मजकूर वाचत नाही. मोठा गाळलेला तुकडा किंवा मधल्या भागातला बदल तिच्या नजरेतून सुटू शकतो. बाळाची लक्षणं आणि एमआरआय तंतोतंत जुळत असतील तर 'या जनुकात तुकडा गायब आहे का ते पाहा' असं प्रयोगशाळेला लेखी विचारा. न जुळत असतील तर तो एकटा बदल योगायोगानं सापडलेला असू शकतो.

पालकांची ही तपासणी ठरावीक बदलापुरती असते. तिला सँगर चाचणी म्हणतात. पूर्ण एक्सोम पुन्हा करायची गरज नसते, आणि खर्चही त्या मानानं बराच कमी येतो.

आता घरातल्या माणसांना कसं सांगायचं ते. मी एक स्टीलची वाटी आणि कागदाच्या चार चिठ्ठ्या वापरते. दोन आईच्या, दोन वडिलांच्या. प्रत्येकाच्या एका चिठ्ठीवर फुली. एकदा एका आजींच्या हातातच वाटी दिली. सुनेच्या माहेरी काहीतरी असणार, असं त्या आल्यापासून म्हणत होत्या. सुनेची एक चिठ्ठी उचलली, कोरी. मुलाची उचलली, फुली. पुन्हा घातल्या, पुन्हा उचलल्या. चौथ्या-पाचव्या खेपेला दोन्ही फुल्या एकदम आल्या. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडचीपण आहे." सुनेकडे पाहून नाही म्हणाल्या, चिठ्ठ्यांकडे पाहून म्हणाल्या. पण सुनेनं ऐकलं.

प्रत्येक गर्भधारणेत चिठ्ठ्या वाटीत परत जातात, हे नीट समजून घ्या. 'चारांत एक' म्हणजे एक झालं, आता तिघं सुटली, असं नव्हे. दर वेळी आजाराची शक्यता २५ टक्केच, वाहक पण निरोगी असण्याची ५० टक्के, आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५ टक्के. मुलगा-मुलगी यात फरक नाही.

मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेलं असेल तर दोघांकडे एकाच पूर्वजाची फुली येण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. ते समुपदेशकाला मोकळेपणानं सांगा. पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही हा आजार होतो.

चौथी पायरी: नमुना जपणं

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे. बाळाची तब्येत नाजूक असेल आणि अहवाल अजून आला नसेल, तर जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिलीलिटर रक्त घेऊन प्रयोगशाळेत त्याचा डीएनए काढून ठेवायला सांगा. बाळ गेल्यानंतर निदानाचा रस्ता फार अवघड होतो, आणि निदानाशिवाय पुढच्या गर्भाची नेमकी तपासणी करता येत नाही. चाचणी झालेली असेल तर उरलेला डीएनए किती काळ ठेवणार, ते विचारून घ्या. कच्च्या डेटाच्या फायली पेनड्राइव्हवर मागून घ्या.

पाचवी पायरी: बाळाची रोजची काळजी

मूळ आजार बरा करणारं औषध आज नाही. त्रास मात्र पुष्कळ कमी करता येतो.

दूध आणि जेवण हा पहिला मुद्दा. गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या. दूध वारंवार श्वासनलिकेत जात असेल तर न्यूमोनिया होत राहतो. नाकातली नळी किंवा पोटावरून बसवलेली नळी म्हणजे हार, असं पुष्कळ आयांना वाटतं. मी उलटं पाहिलंय. दिवसाचे सहा-सात तास चमच्यानं भरवण्यात आणि पुसण्यात जात होते, ते तास आईला बाळाला मांडीवर घेऊन बसायला मिळाले.

ताप हा दुसरा, आणि इथे ढिलाई नको. या मुलांमध्ये तापाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या वेळी स्नायूंच्या पेशी तुटण्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. ताप लवकर उतरवा, पाणी कमी पडू देऊ नका. लघवी गडद चहासारखी दिसली, बाळ पातळ पदार्थ घेत नसलं किंवा हालचाली एकदम वाढल्या तर लगेच दवाखाना गाठा आणि 'सीके तपासा' असं स्वतः सांगा; सीके म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणारं विकर. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेला असेलच असं नाही. निदान, चालू औषधं, वजन आणि ही सूचना एका पानावर लिहून फाईलच्या सर्वांत वर लावा.

फिट आणि मनाविरुद्धच्या हालचाली दिसायला सारख्या असतात, पण त्यांची औषधं वेगळी. मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि डोळे दिसतील असा. झोपेत श्वास अडखळत असेल तर तोही व्हिडिओ दाखवा.

सरकारी कागदपत्रं लांबणीवर टाकू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता आणि ऑटिझम असलेल्यांसाठी आहे. तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत असून थेरपीचा खर्चही तिच्यात धरतात. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

सहावी पायरी: पुढची गर्भधारणा

दिवस राहिल्यावर नव्हे, त्याच्या आधी भेटा. तोवर हातात तीन कागद हवेत: बाळाचा अहवाल, आईचा अहवाल, वडिलांचा अहवाल. ज्या प्रयोगशाळेत गर्भाची चाचणी होणार, तिला हे तिन्ही आधीच पाठवा आणि 'आम्ही हा बदल तपासू शकतो' असं लेखी उत्तर घ्या.

दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा छोटा नमुना घेता येतो, त्याला सीव्हीएस म्हणतात. ते हुकलं तर १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी. शक्य असेल तर मी आधीचाच रस्ता सुचवते, कारण विचार करायला वेळ उरतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत का, याची तपासणी प्रयोगशाळेनं करायलाच हवी. ती केल्याचं अहवालात लिहिलेलं आहे का ते पाहा.

'सोनोग्राफी नॉर्मल आहे, काळजी करू नका' या वाक्यावर या आजारात विसंबू नका. टाइप २ए मध्ये लहान मेंदूचा खुजेपणा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत अनेकदा कळत नाही. एक आई दुसऱ्या खेपेला त्या वाक्याच्या भरवशावर राहिली होती. तिला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, ही खंत मला आजही आहे.

कायद्याबद्दल भीती नको. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे. जनुकीय आजारासाठीची चाचणी मात्र नोंदणीकृत केंद्रात कायदेशीर आहे. तिच्यासाठी 'जी' फॉर्मवर संमती घेतात, त्याची प्रत मागून घ्या. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. पुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि गर्भात गंभीर विकृती हा त्यातला एक गट आहे. त्यानंतर वैद्यकीय मंडळाची परवानगी. गर्भ बाधित निघाला तरी काय करायचं ते आईवडिलांनी ठरवायचं. दोन्ही निर्णय घेतलेली घरं मी पाहिली आहेत आणि दोन्हींना सारखाच आधार लागतो.

ज्यांना गर्भपाताचा प्रश्नच यायला नको आहे, त्यांना आयव्हीएफ करून भ्रूणाची तपासणी करून घेता येते. २०२१ चा एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, कायदा माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी ती करू देतो. खर्च मोठा असतो आणि पहिल्याच खेपेला यश येईल असं नाही, हे मात्र आधी ऐकून घ्या.

सातवी पायरी: काका, मावशी, भावंडं

वाहक असलेल्या प्रत्येकाच्या सख्ख्या भावाबहिणीला वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी. ज्यांची लग्नं ठरायची आहेत किंवा ज्यांना मूल हवंय, त्यांना अहवालाची प्रत द्या. वाहक निघाले तर जोडीदाराचं हे जनुक तपासलं की पुरे. तो वाहक नसेल तर धोका अगदी नगण्य. यात लग्न मोडण्यासारखं काहीही नाही, हे घरातल्या मोठ्यांनी मोठ्यानं म्हणावं.

बाळाच्या निरोगी भावंडाला वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. त्याची तपासणी लहानपणी करू नये. ते ज्ञान त्याचं आहे, ते घ्यायचं की नाही हे मोठं झाल्यावर त्यानं ठरवायचं. त्याच्या शाळेच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये तिन्ही अहवालांची एक प्रत ठेवा, आणि पाकिटावर तारीख आणि जनुकाचं नाव ठळक लिहा.